आयो कॅरी घेतला की टीम शिव्या घालते

प्रश्न : दादा, मी डोटा २ या पाच विरुद्ध पाच ऑनलाइन गेममध्ये आयो हा एरवी साथीदारांना मदत करणारा हीरो कॅरी (टीमचा मुख्य मारा करणारा) म्हणून खेळतो, पण पिक केल्या केल्या टीमवाले शिव्या घालतात, रिपोर्ट करू म्हणतात. सोडून देऊ का? – एक वाचक

उत्तर : अरे अजिबात सोडू नकोस! २०१९ला शांघायला द इंटरनॅशनल या डोटा २च्या जागतिक स्पर्धेत ओजी टीमच्या अ‍ॅना या खेळाडूने आयो कॅरीच खेळून दाखवला, आणि ओजीने फायनलला टीम लिक्विडला ३-१ हरवून लागोपाठ दुसऱ्यांदा स्पर्धा मारली.

पण तो पिक वेगळं काहीतरी म्हणून नव्हता रे. ओव्हरचार्ज या पॉवरने आयोचा आणि टेदर केलेल्या (म्हणजे त्याने स्वतःशी जोडून घेतलेल्या) साथीदाराचा, दोघांचाही अटॅक स्पीड वाढतो, वर रिलोकेट या दुसऱ्या पॉवरने दोघं एकदम मॅपवर कुठेही जाऊन धडकतात, म्हणजे समोरचा एकटा सापडला की संपलाच, मला तर हे बघायला आजही जाम आवडतं. म्हणून जोडीदार पक्का हवा. अनोळखी चौघांवर हा पिक लादणं मला पटत नाही, आधी एखाद्या मित्राला पार्टीत (गेममधल्या आपल्या ग्रुपमध्ये) घे, टेदर कुणाला करणार ते ड्राफ्टमध्येच, म्हणजे हीरो निवडतानाच, टाइप कर. आणि पॅचगणिक (गेमच्या दर अपडेटला) हीरो बदलतात, २०१९चा बिल्ड (वस्तू-पॉवरची निवड) जसाच्या तसा उचलू नकोस. शिव्या देणारा सरळ म्यूट.