सुरुवात कुठून करायची?

प्रश्न: सर, विचार नेमका कुठून सुरू करायचा? फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त म्हणतो आधी सगळ्यावर शंका घ्या, मी ट्राय केलं तर डोकंच बंद पडलं. – एक वाचक, फोंडा

उत्तर: पडणारच हो! देकार्तने १६४१ मध्ये सगळं पुसून फक्त 'मी आहे' एवढंच पक्कं धरलं, पण ती शंका मांडायला भाषा लागलीच ना, ती कुठून आली? अमेरिकेतल्या चार्ल्स पर्स या तत्त्वज्ञाने १८६८ ला सरळच सांगितलं की अशी ठरवून घेतलेली शंका खरी नसतेच, आहेत त्या समजुती घेऊनच निघावं लागतं. मला हे जास्त पटतं. आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या जुन्या भारतीय तत्त्वज्ञानात पण संशय कधी, तर अंधारात समोर खांब आहे की माणूस असं खरंच अडलं की. मग तुमचं जिथे अडलंय, अगदी गोव्यातल्या खाणी चालाव्यात की नाही असं काहीही, तिथूनच धरा, देव-जग-आत्मा तूर्त राहू दे.