फुकटचा वकील खरंच केस लढतो का?

प्रश्न : माझा भाऊ पुण्यात बिगारी काम करतो. साइटवरच्या चोरीच्या केसमध्ये महिनाभर येरवड्याला आहे. कोर्टाने फुकट वकील दिलाय, पण सगळे म्हणतात असा वकील नुसता तारखेला उभा राहतो. डाग मोडून खासगी वकील लावू का?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : ताई, डाग एवढ्यात मोडू नका. लोक म्हणतात ते अगदीच खोटं नाही, पूर्वी पॅनलवरचे, म्हणजे मोफत केसेससाठी यादीत घेतलेले वकील स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून या केसेस बघायचे, फी तुटपुंजी, मग लक्षही तेवढंच. पण 2022 च्या योजनेनंतर आरोपींना मोफत वकील देणारी लोकअभिरक्षक कार्यालयं सुरू झाली, तिथले वकील पूर्णवेळ असतात, त्यांना खासगी केस घेता येत नाही, आणि मुख्य लोकअभिरक्षकाला तर फौजदारीतली किमान 10 वर्षांची प्रॅक्टिस लागते. भाऊ कोठडीत असल्यामुळे उत्पन्नाची अटही नाही, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 बघा.

अडचण वेगळीच आहे. एवढं मोठं शहर आणि वकील मोजके, त्यात आरोपीला बऱ्याचदा व्हीसीवरच (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने) हजर करतात, मग त्या दोन मिनिटांत तो बिचारा वकिलाला सांगणार तरी काय! म्हणून तुम्ही स्वतः शिवाजीनगर कोर्टात जा, एफआयआरची कॉपी, भावाचं आधार, मुकादमाचा नंबर, त्या दिवशीच्या हजेरीचा फोटो मिळाला तर तोही, सगळं वकिलाच्या हातात द्या. वकील कोण तेच कळत नसेल तर 15100 या विधी सेवेच्या हेल्पलाइनला फोन लावा. आणि 60 दिवसांत चार्जशीट आली नाही तर लगेच जामिनाचा अर्ज टाका असं त्यांना आत्ताच सांगून ठेवा, साध्या चोरीत तो हक्कच आहे.

गरीब माणूस खरा अडकतो तो जामीन मंजूर झाल्यावर. परगावच्या मजुराला जामीनदार कोण राहणार? तुमची जमीन लातूरकडची म्हणून कोणी नाही म्हटलं तर वकिलांना मोतीराम केसची आठवण करून द्या. 1978 मध्ये एका गवंड्याला 10,000 चा जामीन सांगितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला जामीनदार घेतलं नव्हतं, सुप्रीम कोर्टाने ते चुकीचं ठरवलं. जामीन होऊन महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट अट शिथिल करायचा विचार करू शकतं, हे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय.

एवढं करूनही वकील भेटत नसतील, ऐकत नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी अर्ज द्या, वकील बदलून मागा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.