'उभा एक्सरे' की 'उभ्याने एक्सरे'?

विट्याच्या एका वाचकाचा प्रश्न : मुलीच्या पाठीसाठी मिरजेला दाखवलं, तेव्हा चिठ्ठीवर 'उभ्याने एक्सरे' असं लिहून मिळालं. हे गावठी वाटतं. 'उभा एक्सरे' शुद्ध ना?

नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण. 'उभा एक्सरे' म्हटलं की उभेपणा फिल्मला चिकटतो. मोबाइलवर उभा फोटो, आडवा फोटो म्हणतो तसा. असा 'उभा' एक्सरे निजलेल्या माणसाचाही निघेल. इथे उभं राहायचंय ते मुलीने. 'मोठा'चं 'मोठ्याने वाच' होतं, तसंच 'उभा'चं 'उभ्याने'. 'उभ्याने पाणी पिऊ नकोस' म्हणणाऱ्या आजीला गावठी म्हणून बघा!

आणि त्या 'ने'वर बरंच काही अवलंबून आहे. माणूस आडवा झाला की कण्यावरचा अंगाचा भार उतरतो आणि बाक आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून तो उभ्यानेच मोजतात. जॉन कॉब या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली मांडलेली रीत आजही चालते : बाकाच्या दोन टोकांचे सर्वांत कललेले मणके धरायचे, वरच्याच्या वरच्या कडेला आणि खालच्याच्या खालच्या कडेला रेघ मारायची, त्या रेघांमधला कोन काढायचा. कणा कुशीकडे वळून हा कोन १० अंश किंवा जास्त भरला, तर स्कोलिऑसिस.

'उभ्या उभ्या एक्सरे' मात्र लिहू नका. ते दारातूनच परत फिरणाऱ्या पाहुण्याचं काम.

तुम्ही पुढे 'मुलीला पोक आहे' असंही लिहिलंय. पोक पुढे वाकल्याने दिसतं. तुमच्या मुलीचा एक खांदा उतरलाय, म्हणजे कणा एका अंगाला गेलाय; त्याला बाक म्हणा. शिवाय पोक म्हातारपणी येतं तसं ते आपण काढतोही. बाक कुणी काढत नाही, तो असतो किंवा येतो. ढब आणि वळण यांतला फरक मराठीने क्रियापदावर सोपवलाय.

मिरजेतच एकदा माझ्या पुढच्या नंबरला एक मामा होते. फिल्मसमोर नेताच त्यांनी छाती काढली, श्वास कोंडला. बाजूने फिल्म घेताना हात आड येऊ नयेत म्हणून मुठी गळ्याखालच्या हाडावर टेकवायला सांगतात. मामा त्याही कुस्तीच्या पवित्र्यात. एक्सरेवाला पोरगा वैतागून म्हणाला, "मामा, आखाड्यात न्हवं, बांधावर हुबं ऱ्हाता तसं ऱ्हावा."