१०० ग्रेन लावू की २००? तिरंदाजी : तुमचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर, मी मुलुंडची, चाळिशीत तिरंदाजीचं वेड लागलंय. माझ्याकडे लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आहे, ३५ पाउंड ताणाचा, साइट (नेम धरायचं साधन) वगैरे काही नाही, बाण शेल्फवरूनच (मुठीवरच्या खाचेवरून) सोडते, उजव्या हाताने. माझा ड्रॉ, म्हणजे दोरी ओढण्याची लांबी, २६ इंच भरतो. दुकानदाराने ५०० स्पाइनचे (कडकपणाचा आकडा) कार्बन बाण दिलेत, ३० इंची, पुढे १०० ग्रेनचे (साधारण साडेसहा ग्रॅमचे) पॉइंट, म्हणजे धातूची टोकं. बाण सारखे डावीकडे जातात. क्लबातला एकजण म्हणतो सरळ २०० ग्रेन लाव, दुसरा म्हणतो तुझा रिलीजच (दोरी सोडणंच) खराब आहे, पॉइंटला कशाला दोष देतेस. काय करू?

उत्तर : ताई, दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत, पण दोघांनीही धनुष्यावरचा ३५ आकडाच धरलेला दिसतोय. तो आकडा २८ इंच ओढल्यावरचा असतो. एका इंचाला साधारण दोन-अडीच पाउंड कमी होतात, म्हणजे तुमच्या बोटांवर येतात ३० च्या आसपास. आणि ३० पाउंडांना ५०० चा शाफ्ट (बाणाची दांडी) म्हणजे बऱ्यापैकी कडक.

५०० म्हणजे काय, तर २८ इंचांवर दोन टेकू ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगलं की तो शाफ्ट अर्धा इंच वाकतो. ७०० वाला ०.७ इंच वाकेल. आकडा मोठा तेवढा बाण नरम, इथे नवीन लोक हमखास उलटं समजतात. आता बोटांनी दोरी सोडली की बाण वाकत-वाकत धनुष्याला वळसा घालून जातो. कडक बाण पुरेसा वाकतच नाही, मग उजव्या हाताच्या माणसाचा बाण डावीकडे पळतो. पुढे वजन वाढवलं की मागून दोरीचा धक्का बसताना टोक लवकर हलत नाही आणि शाफ्ट जास्त वाकतो, म्हणजे तोच बाण नरम असल्यासारखा वागतो. सगळी गंमत एवढीच आहे, पॉइंटचं वजन हे बाण धनुष्याशी जुळवायचं शेवटचं बटण आहे, पहिलं नाही.

त्यामुळे २०० सांगणाऱ्याची दिशा बरोबर आहे पण एकदम उडी कशाला? स्क्रूचे पॉइंट आहेत ना, मग १२५, १५०, १७५, २०० असे दोन-दोन आणा आणि बेअर शाफ्ट करून बघा. म्हणजे दोन बाणांची पिसं काढायची (पिसांच्या वजनाची भरपाई म्हणून मागे थोडी टेप गुंडाळली तर उत्तमच) आणि १० मीटरवरून तीन पिसांचे, दोन बिनपिसांचे असे सोडायचे. बिनपिसांचे डावीकडे लागले तर बाण अजून कडक आहे, पुढचं वजन लावा. उजवीकडे गेले तर नरम झाला, एक पायरी मागे. एखादाच बाण बघून ठरवू नका, तीन-चार फेऱ्यांत सारखं तेच दिसलं तर खरं, आणि बिनपिसांचे दोन बाण एकमेकांपासूनच हातभर लांब पडत असतील तर दुसरा मित्र बरोबर, आधी रिलीज. हे क्लबातच करायचं, मागे भक्कम जाळी असताना आणि कोचना सांगून, बिनपिसांचा बाण कुठेही भरकटतो. सोसायटीच्या गच्चीवर तर अजिबात नको.

अजून एक, कान देऊन ऐका. सोडताना "टक" असा आवाज येत असेल, शेल्फच्या बाजूच्या चामड्यावर काळा घासल्याचा पट्टा उमटत असेल तर बाण धनुष्याला आपटतोय आणि तेव्हा डावं-उजवं उलटंही दिसू शकतं, अशा वेळी ते रीडिंग मनावर घेऊ नका. आणि शाफ्ट कापायची घाई नको, कापला की तो अजूनच कडक होतो, तुम्हाला हवंय त्याच्या बरोबर उलट.

२०० लावूनही डावीकडेच जात असतील तर पॉइंटवर पैसे घालणं थांबवा, ७०० चे शाफ्ट घ्या आणि १२५ पासून सुरुवात करा. मी तर म्हणेन नव्याने घेणाऱ्याने तेच करावं. कारण जड पॉइंटची किंमत ३० मीटरवर मोजावी लागते, बाण लवकर खाली येतो, मग तुम्ही टार्गेटच्या वर कुठेतरी नेम धरून बसता. यूट्यूबवरचे जड पॉइंटवाले बहुतेक अमेरिकेतले शिकारी असतात, त्यांना बाण प्राण्यात खोल घुसायला हवा असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, आपल्याला फोमच्या टार्गेटमध्ये घुसवायचाय.

हलक्या बाजूलाही मर्यादा आहे. पूर्ण बाणाचं वजन धनुष्याच्या ताणाच्या पाउंडामागे निदान ८ ग्रेन तरी असू द्या, तुमच्यासाठी २४०, पण तुमचं धनुष्य लाकडी, म्हणून १० धरलेलं बरं, म्हणजे ३००. तुमचे आत्ताचे बाण त्याच्या वर आहेत, ती काळजी नाही.

वजन करायला झवेरी बाजारात मिळतो तसला खिशातला डिजिटल काटा घ्या, त्यातल्या बऱ्याच काट्यांवर ग्रेनचं बटण असतं. नसेल तर १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, १८३५ पासूनचा चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा होता, म्हणजे तो मित्र तुम्हाला प्रत्येक बाणाच्या टोकावर तोळ्याहून जास्त लोखंड लावायला सांगतोय! स्वस्त पॉइंट एकेक करून तोला, एकाच पाकिटात दोन-चार ग्रेनचा फरक निघतो, जवळच्या वजनाचे एकत्र ठेवा.

प्रश्न : लाकडी बाण आहेत, पॉइंट टार्गेटमध्येच अडकून राहतो. फेविक्विकने चिकटवू का? (दादर)

उत्तर : नको. हॉट मेल्टची (गरम केल्यावर वितळणाऱ्या ग्लूची) कांडी घ्या. पॉइंट पक्कडीत धरून गरम करा, लाकूड नाही, आणि टोकाच्या निमुळत्या भागाला ग्लू लावून फिरवत बसवा. नंतर वजन बदलायचं झालं तर पुन्हा गरम केला की निघतो. आधी माप बघा, ५/१६ इंचाच्या शाफ्टला ११/३२ चा पॉइंट लावलेला असेल तर तो कुठल्याच ग्लूने टिकणार नाही. पावसाळ्यात बाण कोपऱ्यात तिरके उभे ठेवू नका, मुंबईच्या दमटपणात वाकतात. दोरीला उलटे टांगा.