सायकलवरची उत्तरं पाठ करतेयस म्हणून

अगं, तू विचारलंस की आयईएलटीएसच्या, म्हणजे व्हिसासाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या, स्पीकिंगसाठी सायकलवरची तयार उत्तरं पाठ केलीयत, तेवढ्यावर भागेल का, आणि पोराला घेऊन मेलबर्नला यायचंय तर अजून काय बघायचं. फॉरमॅट, बँड, व्हिसाचे पॉइंट हे सगळं साइटवर आहे, ते लिहीत बसत नाही.

पाठांतर ओळखू येतं गं. ‘सायकलिंग इज इको-फ्रेंडली’ हे वाक्य त्या परीक्षकाने सकाळपासून कितीदा ऐकलेलं असतं देव जाणे, आणि तू गडगडत म्हणून टाकलंस की तो मध्येच भलताच प्रश्न टाकतो आणि मग आपली ततपप होते. त्यापेक्षा एकच खरी सायकल धर. मी बाबांची धरली होती, बावीस इंची, काळी, सीटवर बसून पाय पोचायचे नाहीत म्हणून दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारायचं, शाळेच्या स्कर्टला चेनचं काळं ग्रीस लागायचं आणि आई ते रॉकेलने काढायची. एवढ्यात सगळे काळ येतात बघ, तेव्हा काय करायचो, आता काय करते, ती सायकल नसती तर काय झालं असतं. दुसऱ्या भागात विषयाचं कार्ड हातात आल्यावर तयारीला जे एक मिनिट मिळतं त्यात वाक्यं लिहू नकोस, नुसते शब्द लिही, ग्रीस, रॉकेल, चढ, असे. आणि दोन मिनिटं झाली की ते आपल्याला तोडतात, त्याने घाबरू नकोस, वेळ संपलेली असते इतकंच.

माझं बोलून झाल्यावर माझ्या परीक्षक बाईंनी विचारलं, ती सायकल अजून आहे का? मी म्हटलं हो, जिन्याखाली आहे, बाबा अजून पुसतात. साफ खोटं. आम्ही वाड्यातून सोसायटीत गेलो तेव्हाच ती भंगारात गेली होती. परीक्षेत खरं-खोटं कुणी तपासत नाही, बोलता येतं का तेवढं बघतात, आणि मला छान बोलता आलं. बाबांना मात्र हे कधी सांगितलं नाही.

तिसऱ्या भागात सरकारने काय करावं वगैरे येतं, तिथे आपल्याच गावचं बोल. पुण्यात २०१७-१८ ला ॲपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या, सायकल ट्रॅकवर गाड्या पार्क, हे तुला झोपेतही सांगता येईल. इथेही फार वेगळं नाही बरं का. मेलबर्नची सरकारी निळ्या सायकलींची योजना २०१० ला सुरू झाली, २०१९ ला बंद. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, १९९० पासून हेल्मेट सक्तीचं, मग रस्त्यात लहर आली म्हणून सायकल घ्यायची तर हेल्मेट कुठून आणणार, असं बरेच जण म्हणायचे. मध्ये एका कंपनीच्या पिवळ्या सायकली आल्या होत्या, त्या लोकांनी यारा नदीत फेकल्या. म्हणजे फेकाफेकी काय फक्त आपल्याकडेच होते असं नाही.

आता पोराचं. इथल्या शाळांतून वरच्या वर्गांना बाइक एड म्हणून सायकल शिकवतात. माझ्या मुलाला येत नव्हती. पुण्यात त्याला रस्त्यावर सोडायची आमची हिंमतच झाली नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये साइड व्हील लावून गोल गोल, तेवढंच. सगळी पोरं शंकूंमधून सायकल काढतायत आणि हा हेल्मेट घालून कडेला उभा, आणि टीचरने सगळ्यांसमोर विचारलं, इंडियात सायकल चालवत नाहीत का? घरी येऊन त्याने मलाच विचारलं, चालवत नाहीत का आई? मी, जिने त्या परीक्षेत पुणं म्हणजे सायकलींचं शहर म्हणून ऐकवलं होतं! बाईंच्या मनात वाईट नसेल, पण मला अजून राग येतो. पोरासाठी आलो असं मी सगळ्यांना सांगते आणि ते खरंच आहे का हे मला आजही ठरवता येत नाही.

आणि लसीकरणाचं कार्ड! शाळेत नाव घालताना इथल्या सरकारी रजिस्टरमधला लसींचा दाखला लागतो, आणि आपल्या डॉक्टरांच्या अक्षरातलं ते निळं-गुलाबी कार्ड इथल्या क्लिनिकमध्ये कुणाला वाचता येईना. तारीख कुठली, लस कुठली, शिक्का पुसट. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांना रात्री फोन करून लेटरहेडवर सगळं टाइप करून घेतलं, तर इथे म्हणाले ब्रँडचं नाव नको, लस कशावरची ते लिहा, म्हणजे परत फोन. तू निघण्याआधीच हे करून घे, आजाराचं नाव आणि पूर्ण तारीख, महिना अक्षरात, कारण ३/७ म्हणजे तीन जुलै की सात मार्च यावरही वाद झाला.

एकटेपणाचं विचारलंयस. येतो. गणपतीत जास्त येतो. कामं असतात, निघून जातो, पुढे.

प्रॅक्टिस नवऱ्यासमोर करू नकोस, तो वाक्यामध्येच चुका काढत बसेल. फोनवर रेकॉर्ड कर आणि मला पाठव, रविवारी ऐकते, शनिवारी आमची मराठी शाळा असते.