कोऱ्या कापडात मुरलेला रंग

प्रश्न : कॅनव्हासला अस्तर (रंग कापडात मुरू नये म्हणून आधी द्यायचा थर) दिल्याशिवाय तैलरंग लावू नये, असे मी मुलांना शिकवते. मग अमेरिकी चित्रकार हेलन फ्रँकेंथालर यांनी नेमके तेच का केले?
— एक चित्रकला शिक्षिका, खानापूर

उत्तर : आपण शिकवता ते योग्यच आहे. न्यूयॉर्कमध्ये १९२८ साली जन्मलेल्या फ्रँकेंथालर यांनी १९५२ मध्ये, कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या प्रवासाहून परतल्यावर, सुमारे सात फूट उंच व दहा फूट रुंद कोरे, म्हणजे अस्तर न दिलेले, कापड जमिनीवर अंथरले आणि टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग त्यावर ओतला. ‘माउंटन्स अँड सी’ हे ते चित्र. जमिनीवर काम करण्याची रीत अमेरिकी चित्रकार जॅक्सन पोलॉक यांची, पण त्यांचा रंग कापडावर थर धरून बसतो, तर इथे तो धाग्यांत मुरतो आणि जलरंगासारखा पारदर्शक दिसतो. पुढच्याच वर्षी मॉरिस लुईस आणि केनेथ नोलंड या चित्रकारांनी ते पाहिले व तोच मार्ग धरला.

दोष मात्र उरलाच. कागदावर ठेवलेल्या कुंद्याभोवती तुपाचा डाग पसरावा, तशी रंगाभोवती तेलाची कड उमटते, आणि तेलाने कापड हळूहळू कुजते. साठच्या दशकात फ्रँकेंथालर तेल नसलेल्या ॲक्रिलिक रंगांकडे वळल्या. मुलांनाही पाण्याने पातळ केलेले ॲक्रिलिक आणि धुतलेला मांजरपाट द्यावा. तिथे अस्तराचा आग्रह नको.