लॅपटॉपवर चालणारं पान फोनवर का उघडत नाही?

तुमचा रिॲक्ट प्रोजेक्ट वीटवर (वेब प्रोजेक्टसाठी लॅपटॉपवर सर्व्हर चालवणारं साधन) आहे. लॅपटॉपवर 'लोकलहोस्ट:५१७३' उघडतं, पण त्याच वाय-फायवरच्या अँड्रॉइड फोनमध्ये हाच पत्ता टाकला की साइट सापडत नाही. बरोबर ना?

लोकलहोस्ट म्हणजे ज्या मशीनवर ब्राउझर चालू आहे ते मशीन. फोनमध्ये तो पत्ता टाकलात की फोन स्वतःतच सर्व्हर शोधत बसतो. लॅपटॉपचा आयपी टाकूनही भागत नाही, कारण वीटचा सर्व्हर मुळात फक्त त्याच मशीनवरून आलेल्या विनंत्या ऐकतो. टर्मिनलमध्ये 'नेटवर्क' या शब्दापुढे पत्त्याऐवजी '--होस्ट वापरा' अशी सूचना दिसत असेल, ती याचसाठी.

सर्व्हर बंद करा आणि असा सुरू करा:

एनपीएम रन डेव्ह -- --होस्ट

मधले सुटे दोन डॅश गाळू नका, नाहीतर पुढचं '--होस्ट' एनपीएमच गिळतं, वीटपर्यंत जातच नाही. आता 'नेटवर्क'पुढे १९२.१६८.१.७:५१७३ असा काहीतरी पत्ता येईल. तो जसाच्या तसा फोनमध्ये टाका, सुरुवातीला एचटीटीपी, एचटीटीपीएस नव्हे. पोर्टही, म्हणजे पत्त्यातला शेवटचा आकडा, बघून घ्या. जुना सर्व्हर दुसऱ्या टर्मिनलमध्ये चालूच राहिला असेल तर नवा ५१७४ वर गेलेला असू शकतो.

तरीही पान नुसतंच फिरत राहून टाइमआउट झालं, तर विंडोजवर बहुधा फायरवॉल. पहिल्यांदा नोडसाठी (वीट ज्याच्यावर चालतो तो प्रोग्राम) परवानगीची खिडकी येते, ती घाईत 'कॅन्सल' केली की अडवण्याचा नियम कायमचा बसतो. फायरवॉलच्या परवानगी दिलेल्या ॲप्सच्या यादीत नोडपुढे 'प्रायव्हेट'ची खूण करा आणि घरचं वाय-फायही 'प्रायव्हेट' म्हणून नोंदलेलं आहे ना, ते तपासा. हॉस्टेल किंवा ऑफिसच्या गेस्ट वाय-फायवर मात्र बऱ्याचदा राउटरच दोन उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही. तिथे या खटपटीचा नुसता वीट येईल.

पान उघडलं पण डेटा रिकामा? मग कोडमध्ये फेचला (डेटा मागवणारं फंक्शन) तुमच्या डेटा सर्व्हरचा 'लोकलहोस्ट:३०००' असा पूर्ण पत्ता दिलेला असणार. फोनसाठी तो परत फोनच! फेचमध्ये फक्त '/एपीआय' ठेवा आणि वीटच्या कॉन्फिग फाइलमध्ये सर्व्हरखाली प्रॉक्सी (विनंती पुढे पाठवणारा मध्यस्थ) लावून ते १२७.०.०.१:३००० कडे वळवा. ही विनंती मग लॅपटॉपवरूनच जाते.

कॅमेरा, लोकेशन किंवा सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये पानामागे चालणारी स्क्रिप्ट) तपासायचं असेल तर वरचं सगळं करूनही अडेल. ब्राउझर या गोष्टी एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवरच देतो, साध्या आयपीवर नाही. अँड्रॉइडसाठी मी तर सरळ केबलच सुचवेन. फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा आणि लॅपटॉपवर एडीबीची (अँड्रॉइड फोनला लॅपटॉपवरून आज्ञा देणारं साधन) ही आज्ञा द्या:

एडीबी रिव्हर्स टीसीपी:५१७३ टीसीपी:५१७३

आता फोनमध्ये 'लोकलहोस्ट:५१७३' खरोखरच उघडेल, वाय-फाय बंद असलं तरी. सर्व्हर मात्र '--होस्ट'सकटच चालू ठेवा, कारण काही मशीनवर वीट नुसत्या आयपीव्ही६ वर (नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यावर) ऐकतो आणि एडीबीला तो सापडत नाही. केबल काढून पुन्हा लावली की ही एडीबीची आज्ञाही पुन्हा द्यावी लागते.